आधी इंजिन, मग विमान

कंट्रोल लाइन विमान करायला घेणारा माणूस सहसा चित्रापासून सुरुवात करतो. एखादं देखणं विमान मनात भरलेलं असतं, त्याचा नकाशा मिळतो, बाल्साच्या फळ्या कापून होतात, पंखांवर कागद चढतो, आणि सगळं झाल्यावर याच्या नाकावर बसेल असं इंजिन मिळणार कुठे, याची शोधाशोध सुरू होते. हवं ते इंजिन हव्या त्या दिवशी दुकानात मिळत असतं, तर या क्रमानं काही बिघडलं नसतं. भोर-वेल्ह्यात तसं होत नाही. इथल्या माणसाकडे इंजिन ठरवून येत नाही, योगायोगानं येतं. मामांनी एनसीसीत असताना घेतलेलं आणि पुढे ट्रंकेत पडून राहिलेलं, नाहीतर रेडिओ कंट्रोलवाल्या कुणा पुणेकरानं बॅटरीच्या मोटरकडे वळताना काढून टाकलेलं, नाहीतर जुन्या बाजारात सायकलच्या डायनॅमोशेजारी सापडलेलं. असं इंजिन हातात आलं की त्याला साजेसं विमान कोणतं, या एकाच प्रश्नाभोवती ही पुस्तिका लिहिली आहे.

हा क्रम मला नाइलाजाचा वाटत नाही, उलट तोच खरा वाटतो. विमान मोडतं. कंट्रोल लाइनमध्ये तर ते हमखास मोडतं, कारण जमीन नेहमीच दोन सेकंदांच्या अंतरावर असते. इंजिनाचं तसं नाही. त्यात माती जाऊ दिली नाही आणि जुनं एरंडेल आत चिकटून बसू दिलं नाही, तर एका इंजिनावर दहा विमानं होऊन जातात. जे टिकणार आहे ते आधी ओळखावं आणि जे मोडणार आहे ते त्याच्या मापानं करावं.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी चार ओळी. उडवणारा मैदानाच्या मध्यावर उभा असतो. त्याच्या हातातल्या हँडलपासून दोन बारीक पोलादी तारा विमानाच्या डाव्या पंखात जातात आणि आतल्या बेलक्रँक नावाच्या त्रिकोणी तुकड्याला जोडलेल्या असतात. मनगट वर-खाली केलं की बेलक्रँक फिरतो, त्याची सळई शेपटीतला एलेव्हेटर हलवते आणि विमान चढतं किंवा उतरतं. डावं-उजवं करायचा प्रश्नच नाही, कारण विमान तारांच्या टोकाला वर्तुळातच फिरतं, वरून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांच्या उलट्या दिशेनं. रेडिओ नाही, बॅटरी नाही. टाकी संपेपर्यंत इंजिन एका लयीत चालतं, आणि ते थांबलं की विमान उतरवायचं.

ही कल्पना अमेरिकेत ओरेगन राज्यात रुजली. जिम वॉकर यांनी १९४० मध्ये 'फायरबॉल' नावाचं विमान बाजारात आणलं आणि दोन वर्षांनी पेटंटही मिळवलं. पुढे कोर्टात ओबा सेंट क्लेअर या त्यांच्याच राज्यातल्या माणसानं आपण १९३७ मध्येच बेलक्रँकवर विमान उडवलं होतं अशी साक्ष दिली आणि ते पेटंट टिकलं नाही. आपल्याकडे एनसीसीची हवाई शाखा १ एप्रिल १९५० ला सुरू झाली, मुंबईत एक आणि कोलकात्यात एक अशा दोन स्क्वाड्रनांनी. मराठी मुलांच्या हाती हे हँडल बहुतेक या शाखेमुळेच आलं. वायुसैनिक शिबिरातल्या एअरोमॉडेलिंगमध्ये कंट्रोल लाइन उडवणं असतंच. आणि इंजिनांच्या बाबतीत कोलकात्याचं ऋण मानायलाच हवं. तिथल्या इंडियाज हॉबी सेंटरच्या 'अरोरा' इंजिनांवर एका पिढीचे हात काळे झाले. भोरच्या ट्रंकांत जे निघतं ते पुष्कळदा हेच असतं.

आता मुद्द्याचं. इंजिनावर कोरलेला सीसीचा आकडा वाचून विमान निवडणं ही सगळ्यात मोठी फसगत. २.५ सीसी म्हणजे नळकांड्याचं आकारमान, एवढंच. साध्या बेअरिंगचं जुनं डिझेल इंजिन ८ गुणिले ४ इंचांचा पंखा मिनिटाला दहा-अकरा हजार वेळा फिरवतं. त्याच आकाराचं आधुनिक ग्लो इंजिन तोच पंखा पंधरा हजारांवर नेतं. आणि कॉम्बॅट स्पर्धेतली इंजिनं, तीही २.५ सीसीचीच, लहान पंखे लावून पंचवीस हजारांच्या पुढे ओरडतात. या तिघांना एकच विमान देणं म्हणजे बैल, घोडा आणि मोटरसायकल एकाच जोखडाला जुंपणं. म्हणून पुस्तिकेतल्या पहिल्या तक्त्यात सीसीचा रकाना मुद्दाम शेवटी ठेवला आहे. त्याच्या आधी तीन गोष्टी लिहायच्या: इंजिनाचं सायलेन्सरसकट वजन, ते कोणता पंखा किती वेगानं फिरवतं, आणि ते कोणत्या इंधनावर चालतं. वजनासाठी सोनाराचा काटा नको, किराणा दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा पुरतो.

वजनावर एवढा जोर का, ते एका हिशेबात दिसेल. १६ मीटरच्या तारांवर एक फेरी म्हणजे जवळजवळ १०० मीटर. (टीम रेस या स्पर्धेत तारांची त्रिज्या १५.९२ मीटर ठेवतात ती याचसाठी, म्हणजे १०० फेऱ्यांचे बरोबर १० किलोमीटर होतात.) फेरीला ५ सेकंद लागले तर वेग झाला ताशी ७२ किलोमीटर, आणि तारांवरची ओढ विमानाच्या वजनाच्या अडीचपट. आता तेच विमान जड झालं किंवा इंजिन दमलं आणि फेरीला ७ सेकंद लागू लागले, तर ओढ वजनाच्या १.३ पट इतकीच उरते. जमिनीला समांतर उडताना तेवढी पुरे वाटते. पण विमान डोक्यावर आणलं की त्यातलं एक पूर्ण वजन गुरुत्वाकर्षण खाऊन टाकतं. पहिल्या विमानाकडे अजून दीडपट शिल्लक असते, दुसऱ्याकडे जेमतेम तीन दशांश. तेवढ्यावर वाऱ्याची एक झुळूक आली तरी तारा सैल पडतात, हँडल ओढलं तरी पलीकडे काही पोचत नाही, आणि उडवणारा उलटा मागे धावत सुटतो. मैदानावर हे दृश्य बघणाऱ्यांना मजेशीर वाटतं. विमान ज्याचं आहे त्याला वाटत नाही.

थोडक्यात, इंजिनाला विमान शोभतं की नाही याची कसोटी ते जमिनीवरून उठतं की नाही ही नाही. कसलंही ओझं उठतं. डोक्यावर आल्यावर तारा ताठ राहतात की नाही, ही कसोटी.

यात भोरच्या हवेचाही हात आहे. गाव समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटरवर. एप्रिलच्या दुपारी पारा ३८ अंशांवर असताना इथली हवा समुद्रकाठच्या प्रमाणित हवेपेक्षा सुमारे १४ टक्के विरळ असते. डिसेंबरच्या सकाळी १२ अंशांवर हा फरक ६ टक्क्यांवर येतो. इंजिन हवा पिऊनच ताकद काढतं आणि पंखही त्याच हवेवर तोललेला असतो, म्हणजे फटका दोन्हीकडून. इंग्लंड-अमेरिकेच्या नकाशांवर छापलेलं वजन आपण जसंच्या तसं धरू नये. त्यात दहावा हिस्सा कमी धरावा आणि मग बाल्सा निवडायला बसावं. परदेशी मासिकांतला सल्ला इथे का फसतो, असं विचारणाऱ्यांना मी पहिलं कारण हेच सांगतो.

सगळ्यात लहान म्हणजे ०.८ सीसीची इंजिनं, ज्यांना अमेरिकन मापात ०४९ म्हणतात. त्यांच्याविषयी फार लिहिलेलं नाही. दीडशे ग्रॅमचं विमान, आठ-दहा मीटरच्या तारा, शाळेच्या आवारात खेळ. वारा नसेल तर छान. वेल्ह्यात वारा नसतो असे दिवस मोजकेच, म्हणून त्यांच्यावर भिस्त ठेवू नये.

२.५ सीसीचं साधं इंजिन मात्र या भागाचं खरं इंजिन आहे, आणि पुस्तिकेचा निम्मा भाग त्याला दिला आहे. अडीचशे चौरस इंचांच्या आसपास पंख, तयार विमान साडेचारशे ग्रॅम, ८ गुणिले ४ चा पंखा, १५-१६ मीटरच्या तारा. यात गिरकी, उलटं उडणं, आठचा आकडा सगळं बसतं. डिझेल असेल तर आणखी बरं.

मॉडेलमधलं डिझेल म्हणजे पंपावरचं डिझेल नव्हे, ते घालून पाहूही नये. इथर, रॉकेल आणि एरंडेल, साधारण तिन्ही समान, असं हे इंधन. प्लग नाही, बॅटरी नाही. नळकांड्याच्या डोक्यावर एक आडवी दांडी असलेला स्क्रू असतो, तो पिळला की दाब वाढतो आणि दाबानंच इथर पेट घेतं. सुरू करताना एक्झॉस्टच्या फटीत इंधनाचे दोन थेंब सोडायचे, बोटानं पंखा झटकायचा, आणि बोटाला आतून उलटा धक्का जाणवेपर्यंत स्क्रू थोडा थोडा आवळत जायचा. इंजिन पकडलं की ते आधी चुकत चुकत चालतं. अजून पाव आटा आवळला की आवाज सलग होतो. गरम झाल्यावर तेच इंजिन जड आवाजात कण्हू लागतं, तेव्हा स्क्रू पुन्हा किंचित सैल करायचा. हे सगळं कानानं करायचं. वास इथराचा आणि जळलेल्या एरंडेलाचा, आणि तो शर्टातून दोन धुण्यांत जात नाही. इथर भयंकर ज्वालाग्राही आहे, बिडी-सिगारेटवाला माणूस चार हात लांब ठेवावा. रेशनवरचं रॉकेल आता दुर्मिळ झालंय, तरी मॉडेलला लागतं ते इतकं थोडं की एका बाटलीत हंगाम निघतो.

ग्लो इंजिनाची तऱ्हा वेगळी. त्याच्या प्लगमधली प्लॅटिनमची तार सुरुवातीला बॅटरीनं तापवायची, मग मिथेनॉलच्या वाफेच्या संगतीनं ती आपोआप लाल राहते. मिथेनॉल हे विष आहे, डोळे घेतं आणि जीवही घेतं. ते घरात कुठे, कसल्या बाटलीत ठेवायचं यावर पुस्तिकेत स्वतंत्र पान आहे आणि ते आधी वाचावं. विमान निवडण्याच्या दृष्टीनं मुद्दा इतकाच की ग्लो इंधन जास्त पितं, म्हणजे टाकी मोठी, म्हणजे नाक लांब. शिवाय नायट्रोमिथेन असलेलं इंधन साध्या डोपचा लेप खातं. डिझेलसाठी केलेल्या जुन्या विमानात नुसतं इंजिन बदलून भागत नाही, ते यामुळे.

पुढचं माप ५.७ सीसीचं, अमेरिकन ३५. इथे एक जोडी पाहण्यासारखी आहे, कारण इंजिनाला विमान शोभणं म्हणजे काय ते तिच्याइतकं स्पष्ट दुसरीकडे दिसत नाही. ड्यूक फॉक्स यांचं फॉक्स ३५ हे इंजिन आणि जॉर्ज ऑल्ड्रिच यांचं नोब्लर हे ५० इंची विमान. १९५० च्या दशकात या जोडीनं कसरतीच्या उड्डाणाची घडीच बसवली. फॉक्स काही फार ताकदीचं इंजिन नव्हतं. त्याची खुबी मिश्रणात होती. सुई जरा सैल ठेवली की सरळ उडताना ते एक आड एक ठोका पेटतं आणि संथ गुरगुरतं. विमानानं नाक वर केलं, पंख्यावर ताण आला, की मिश्रण आपोआप पातळ होतं, इंजिन प्रत्येक ठोक्याला पेटू लागतं आणि चढायला लागणारी ताकद नेमकी चढतानाच मिळते. पुन्हा सपाट आलं की पुन्हा गुरगुर. थ्रॉटलची दांडी नसताना इंजिन स्वतःच थ्रॉटल करतं. पण ही करामत विमानाचं वजन आणि पंखाचं क्षेत्रफळ त्या इंजिनाच्या बेतात असेल तोवरच चालते. विमान जड असेल तर इंजिन सरळ उड्डाणातच पूर्ण जोर लावून बसतं आणि चढताना द्यायला त्याच्याकडे काही उरत नाही. फारच हलकं असेल तर वरचा ठोका कधी लागतच नाही.

याच इंजिनासाठी रिंगमास्टर हे ४२ इंची, सपाट फळीच्या शरीराचं विमानही आहे. नोब्लर देखणं, रिंगमास्टर ओबडधोबड. पहिल्यांदा ३५ हातात आलेल्यानं रिंगमास्टरच करावं. ते एका आठवड्यात दुरुस्त होतं, नोब्लर दुरुस्त करायला हंगाम जातो.

आजकाल सर्रास मिळतं ते ४६ मापाचं, म्हणजे साडेसात सीसीचं रेडिओ कंट्रोलचं इंजिन. फुकटात मिळालं म्हणून लोक ते रिंगमास्टरवर चढवायला बघतात. फॉक्स ३५ चं वजन साधारण १८५ ग्रॅम, आणि बॉल बेअरिंगचं ४६ सायलेन्सरसकट साडेचारशे ते पाचशे. ही तफावत थेट नाकावर येते, मग तोल साधायला शेपटीत शिसं भरायचं, आणि वर पाहिलेला हिशेब सगळा बिघडतो. अशा इंजिनाला सहाशे चौरस इंचांपेक्षा मोठा पंख, दीड किलोपर्यंतचं विमान आणि १९-२० मीटरच्या तारा लागतात. कार्ब्युरेटर काढून त्या जागी साधी नळी, म्हणजे व्हेंचुरी, बसवायची. तिचं भोक मूळ कार्ब्युरेटरपेक्षा लहान हवं, नाहीतर टाकीतून इंधन ओढलं जात नाही आणि गिरकीच्या माथ्यावर इंजिन अडखळतं. साडेपाच सेकंदांच्या फेरीला अशा विमानाची ओढ ४ किलोच्या घरात जाते. दहावीतल्या मुलाला ती झेपते, पाचवीतल्याला नाही. इंजिन निवडताना उडवणाऱ्याचं मनगटही मापात धरावं लागतं, हे नकाशावर कुणी छापत नाही.

लाकडाबद्दल दरवर्षी कुणीतरी विचारतं की पांगारा चालेल का, सावर चालेल का. पांगाऱ्याची सावंतवाडीची खेळणी हलकी असतात, खरं आहे. पण खेळण्याला हलकं असलेलं लाकूड विमानाला भारी पडतं. पंखांसाठी बाल्साच घ्यावा, भले थोडा घ्यावा. इंजिन ज्या दोन पट्ट्यांवर बसतं त्या मात्र कडक लाकडाच्या हव्यात. गावच्या सुताराकडे सागाचे तुकडे मिळतात, ते वापरता येतात, पण साग तेलकट असतो. इपॉक्सी लावण्याआधी तो घासून थिनरनं पुसला नाही तर सांधा इंजिनाच्या थरथरीनं सुटतो.

राहिलं मैदान. भोरमध्ये शाळांची मैदानं आहेत, आणि उन्हाळ्यात भाटघरचं पाणी ओसरलं की गाळपेराच्या कडेला सपाट जमीन उघडी पडते. वेल्ह्यात (तालुक्याचं नाव सरकारदरबारी आता राजगड झालंय, बोलताना अजून वेल्हेच येतं) सपाट म्हणजे भाताची खाचरं. कापणीनंतर ती रिकामी असतात, पण बांधाबांधातली जागा क्वचितच ४० मीटर रुंद भरते. म्हणजे २० मीटरच्या तारांचं विमान तिथे नेताच येत नाही. १६ मीटरचं नेता येतं, तेही मालकाला विचारून. धसकटांत चाकं अडकतात, म्हणून मदतनिसानं विमान हातातून सोडायचं आणि चाकांचं वजन वाचवायचं. तोरणा आणि राजगडाच्या मधल्या खोऱ्यात दुपारनंतर वारा डोंगराला वळसा घालून येतो आणि दिशा बदलत राहतो, तेव्हा सकाळी दहाच्या आत उडवून घ्यावं. अवजड इंजिनवाल्यांची मैदानं म्हणून वेगळी, अडीच सीसीवाल्यांची वेगळी, हा भेद या तालुक्यांत जमिनीनंच केलेला आहे.

एका गोष्टीत तडजोड नाही. वर्तुळाच्या आसपास विजेची तार असेल तर ती जागा सोडायची. हातात पोलादी तारा धरलेला माणूस आणि वरून जाणारी वीजवाहिनी, यांची गाठ पडून जगात माणसं मेली आहेत. शेतपंपाची लाइन आज बंद आहे असं कुणी सांगितलं तरी ऐकायचं नाही. ढग गडगडू लागले की विमान खाली आणि तारा रिळावर. आणि दर उड्डाणापूर्वी विमान धरून ठेवून हँडलवर त्याच्या वजनाच्या दहापट ओढ द्यायची. साडेचारशे ग्रॅमच्या विमानाला साडेचार किलो. जे तुटायचं ते जमिनीवर तुटू द्यावं.

ज्यांच्याकडे इंजिन अजून आलेलंच नाही त्यांनी २.५ सीसीचं साध्या बेअरिंगचं जुनं इंजिन शोधावं, पुण्यात चार माणसांना विचारलं तर मिळतं. पैसे ठरवण्याआधी पंखा हातानं हळू फिरवून बघा. वरच्या टोकाला पिस्टन स्पष्ट अडला पाहिजे आणि तिथे धरून ठेवला तर दाब लगेच फुस्स होऊन जाता कामा नये. मग पंख्याची आस धरून वर-खाली हलवा. खडखड जाणवली तर बेअरिंग गेलेलं आहे. पिस्टन गच्च बसला असेल तर घाबरू नका, बहुतेक वेळा ते जुनं एरंडेल असतं. जोर न लावता इंजिन एक रात्र रॉकेलमध्ये बुडवून ठेवा आणि सकाळी पुन्हा फिरवा.